वरकसातले रान

भिवंडी तालुक्यात सखल भागात भातखाचरे आणि त्यांच्या वरच्या अंगाला उताराची वरकस जमीन असते. वरकसावर ऐन, साग, खैर, पळस, मोह वाढतात. राबाची कवळं (भातरोपांच्या जागेवर भाजायला तोडलेल्या डहाळ्या), गवत आणि सरपण तिथूनच येते. खासगी वने ३० ऑगस्ट १९७५ रोजी कायद्याने शासनाकडे गेली, तरी वरकसातला झाडोरा बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्याच्याच हाती आहे. त्यात वन्यजीव टिकवायचे, तर कोयता कुठे आणि कधी थांबवायचा हे आधी ठरवावे लागते.

पहिले काम झाडे निवडण्याचे. पोकळ खोडाचे म्हातारे झाड निरुपयोगी वाटते, पण राखी धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. उन्हाळ्यात मादी तयार ढोलीत शिरते, विष्ठेने तोंड लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. नर उंबराची फळे गिळून आणतो आणि एकेक वर काढून त्या फटीतून भरवतो. ढोलीचे झाड आणि उंबर, दोन्ही राहिली तरच वीण पार पडते. शेजारच्या तानसा अभयारण्यात २०१४ मध्ये आढळलेला दुर्मीळ रानपिंगळाही ढोलीतच अंडी घालतो.

कवळतोड पाळीने करावी. यंदा तोडलेल्या ऐनाला पुढची काही वर्षे विसावा द्यावा आणि शेंडा कधीच छाटू नये. ऐन, खैर, मोह मुळातून तोडायचे असतील, तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते.

तण काढताना घाई नको. रानमोडी पावसाळा सरताना, माती ओली असताना आणि फुले येण्याआधी उपटावी. घाणेरी नुसती छाटली की पुन्हा फुटते. म्हणून मुख्य मूळ जमिनीखाली चार बोटे तोडून बुंधा उलटा ठेवतात. सगळे रान एकदम मोकळे केले तर लपण नाहीसे होते, म्हणून एकेक तुकडा साफ करून तिथे करवंद वाढू द्यावे.

माघापासून वणव्याची भीती असते. त्याआधी बांधाच्या कडेने जाळपट्टा झाडून घ्यावा, आतला पाला मात्र राखावा. पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग हाच पाला उलथून किडे टिपतो. ओहोळावर मातीच्या गोण्यांचा वनराई बंधारा घातला की पाणी आणखी काही आठवडे टिकते आणि रानातल्या जिवांना तहानेपायी वस्तीकडे यावे लागत नाही.