पंधरा पावलांच्या आत

विस्कॉन्सिनमधली सगळ्यांत गाजणारी हरणांची शिकार थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होते. नऊ दिवस बंदुका वाजतात, नारिंगी जाकिटांनी रान भरून जातं. धनुष्यबाणाचा हंगाम मात्र सप्टेंबरच्या मध्यालाच उघडलेला असतो आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, काही जिल्ह्यांत महिनाअखेरपर्यंत चालतो. त्याचे शेवटचे आठवडे मला सर्वांत प्रिय. माणसांची गर्दी ओसरलेली असते, बर्फ पडलेला असतो आणि जी हरणं वाचली ती इतकी सावध झालेली असतात, की त्यांच्याजवळ पोहोचण्यातच सगळा कस लागतो.

मी मूळची वाईची. आता सॉक काउंटीत, बाराबू गावाजवळ राहते. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथली परिस्थिती वेगळी आहे. पांढऱ्या शेपटीचं हरीण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेसुमार कत्तलीमुळे अमेरिकेत संपत आलं होतं. कायदे झाले, हंगाम ठरले आणि आज त्यांची संख्या कोटींच्या घरात आहे. दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये त्यांना आवरतील इतके लांडगे राहिलेले नाहीत. हरणं वाढली की ओकची कोवळी रोपं फस्त होतात, मग जंगलाची पुढची पिढी उगवतच नाही. वन्यजीव-अभ्यासक आल्डो लिओपोल्डने हे 1940च्या दशकात सांगितलं आणि माद्यांच्या शिकारीलाही परवानगी हवी असा आग्रह धरला, तेव्हा लोक त्याच्यावर तुटून पडले होते. त्याची झोपडी आमच्याच काउंटीत, विस्कॉन्सिन नदीच्या काठी आहे. तो स्वतः धनुष्यं घडवायचा आणि त्याची बायको एस्टेला तिरंदाजीत राज्य विजेती होती.

केवळ धनुष्यासाठी राखलेला हरणांचा पहिला हंगामही याच राज्यात, 1934मध्ये झाला. त्यामागे इशी नावाच्या माणसाची कहाणी आहे. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीची गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तल केली. त्यातून वाचलेला इशी 1911मध्ये ओरोव्हिल गावात एकटा सापडला. डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्यावर उपचार करता करता त्याच्याकडून धनुष्य शिकले. क्षयाने 1916मध्ये इशी गेला. पोप यांनी 1923मध्ये पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेत ही शिकार पुन्हा रुजली. आज सरावाच्या मैदानावर आम्ही जे शिकतो, त्याच्या मुळाशी सर्वस्व हिरावलं गेलेल्या त्या माणसाने दिलेलं दान आहे.

आता बरेच जण पुल्या लावलेलं कंपाउंड धनुष्य वापरतात. ते पूर्ण ओढलं की पुल्या बहुतेक ताण पेलतात, त्यामुळे निवांत नेम धरता येतो. माझं लाँगबो लाकडाचं, 45 पौंडांचं. दोरी मागे आली की वीस किलोंचा सगळा भार बोटांवर आणि पाठीवर, तोही वाढत जाणारा. नेमासाठी कसलीही खूण नाही. डोळा लक्ष्यावर रोखायचा आणि हात आपोआप जुळतील इतका सराव वर्षभर करायचा. मी पंधरा पावलांपलीकडे बाण सोडत नाही.

ही मर्यादा जनावरासाठी आहे. गोळीसारखा धक्का बाणाला नसतो. त्याचं धारदार पातं कापतं आणि रक्तस्रावाने जनावर मरतं. दोन्ही फुप्फुसांतून बाण गेला तर हरीण काही सेकंदांत कोसळतं. पोटात लागला तर तासन् तास तडफडतं. शिवाय माझा बाण सेकंदाला सुमारे 170 फूट जातो, तर दोरीचा आवाज हजार फुटांहून जास्त. आवाज आधी पोहोचतो, दचकलेलं हरीण पळण्यासाठी खाली दबतं आणि बाण वरून जातो किंवा भलत्याच जागी लागतो. अंतर जितकं कमी, तितका हा धोका कमी.

माजाचा काळ नोव्हेंबरमध्ये संपतो. थकलेले नर आणि माद्या थंडीत फक्त दोन गोष्टी शोधतात, ऊब आणि खाणं. दिवसा ती दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर, उन्हात पहुडतात आणि संध्याकाळी उभ्या राहिलेल्या मक्याकडे उतरतात. इथे वाऱ्याचं गणित महत्त्वाचं. सूर्य कलला की गार हवा उतारावरून खाली सरकते आणि माणसाचा वास सोबत नेते. म्हणून मी हरणांच्या वाटेला बाजूला ठेवून, पडलेल्या ओकच्या आडोशाला बसते. जाड बाही दोरीत अडकू नये म्हणून तिच्यावर चामड्याचा पट्टा आवळते. सरावही त्याच जाकिटात करते.

या हंगामात एका संध्याकाळी पाच हरणं उतारावरून आली. पुढे एक वयस्क मादी होती. ती थांबली, पुढचा पाय आपटला, मान खाली घातली आणि झटकन वर केली. गवत खाण्याचं नाटक करून समोरच्याला हलायला लावायची ही त्यांची जुनी युक्ती. मी हलले नाही. मला दुसरी मादी हवी होती. तिच्यामागे पाडस नव्हतं आणि ती पूर्ण आडवी उभी राहणार होती. तिचं डोकं बुंध्याआड गेलं तेव्हा मी दोरी ओढली. ती एक पाऊल पुढे आली, जवळचा पुढचा पाय सरकला आणि कोपराच्या मागे बरगडीवरची जागा मोकळी झाली. तिथल्या केसांच्या एका झुपक्यावर मी नजर रोखली आणि बोटं सोडली.

ती उसळली, शेपटी खाली दाबून धावत सुटली. बाण आरपार जाऊन पलीकडे बर्फात रुतला होता. मी अर्धा तास जागेवरून उठले नाही. घाई केली तर जखमी जनावर उठून आणखी दूर जातं, हा नियम नेम कितीही पक्का वाटला तरी पाळायचा. मग बाण पाहिला. पिसांवरचं रक्त फिकट गुलाबी होतं, त्यात बारीक बुडबुडे होते. ही फुप्फुसाची खूण. बर्फावरचा माग सरळ होता आणि मक्याच्या कडेला ती पडलेली सापडली. मी तिच्या मानेवर हात ठेवला, थोडा वेळ रडले आणि सुरी काढली.

काम तिथे संपत नाही. शिकारीची नोंद करावी लागते. विस्कॉन्सिनमध्ये 2002 सालापासून हरणांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा जीवघेणा रोग ज्ञात आहे आणि आमचा भाग त्यात येतो. म्हणून डोकं तपासणी केंद्रावर दिलं. घशातल्या लसिकाग्रंथी तपासतात. निकाल येईपर्यंत मांस खाल्लं नाही. कण्याला सुरी न लावता हाडांवरून ते सोडवलं, गोठवलं. निकाल चांगला आला. मग चरबी काढून (ती तोंडात लगेच गोठते) आईने पाठवलेल्या काळ्या मसाल्यात, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात रस्सा केला. ज्यांच्या शेतात मी बसते त्या शेजारच्या आजोबांकडे पहिला डबा गेला.

आई फोनवर विचारते, “इतक्या जवळून मारवतं कसं गं तुला?” प्रश्न रास्त आहे. जवळून हरणीचा श्वास दिसतो, डोळे दिसतात, कळपातलं तिचं स्थान दिसतं. लांबून मारलं असतं तर मला कमी जड गेलं असतं. म्हणूनच मी लांबून मारत नाही.