गोदावरीकाठचा बावरी आणि त्याचे सोळा शिष्य

बृहदारण्यक उपनिषदाचा तिसरा अध्याय आपल्या लक्षात राहतो तो गार्गीमुळे. जनकाचा यज्ञ, शिंगांना सोनं बांधलेल्या हजार गाई, वाद सुरू होण्याआधीच त्या हाकून न्यायला शिष्याला सांगणारा याज्ञवल्क्य आणि त्याला आडवे गेलेले कुरु-पांचालांचे ब्राह्मण, हे सगळं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अध्यायाचा शेवट मात्र सहसा कुणी सांगत नाही. शेवटचा प्रश्नकर्ता विदग्ध शाकल्य. याज्ञवल्क्य त्यालाच उलट प्रश्न करतो आणि उत्तर आलं नाही तर तुझं मस्तक गळून पडेल, असं बजावतो. शाकल्याला उत्तर येत नाही. मस्तक पडतं, आणि चोर त्याची हाडंसुद्धा भलतंच काही समजून पळवून नेतात.

मस्तक पडण्याच्या या धमकीनं मला गेली अनेक वर्षं धरून ठेवलं आहे. एकदा ती नजरेत भरली की जुन्या संवादांत जागोजागी भेटते. गार्गी पहिल्यांदा प्रश्न विचारत विचारत ब्रह्मलोकापर्यंत पोचते, तेव्हा याज्ञवल्क्य तिला हीच धमकी देतो आणि ती गप्प होते. लगेच पुढे उद्दालक आरुणी तीच धमकी याज्ञवल्क्याला देतो: सूत्र आणि अंतर्यामी ठाऊक नसताना गाई नेल्यास तर मस्तक जाईल. छांदोग्यात उषस्ति चाक्रायण यज्ञातल्या ऋत्विजांना हेच ऐकवतो. अश्वपती कैकेयही दारी आलेल्या एका विद्वानाला सांगतो, की माझ्याकडे आला नसतास तर तुझं मस्तक पडलं असतं.

बौद्ध वाङ्मयातही ही धमकी जशीच्या तशी आहे. वैशालीचा सच्चक पाचशे लिच्छवींना बरोबर घेऊन मोठ्या तोऱ्यात बुद्धाशी वाद घालायला जातो. बुद्धाचा प्रश्न साधा असतो: हे शरीर तुझं आहे म्हणतोस, तर ते अमुक असावं, तमुक नसावं, असं तुला ठरवता येतं का? सच्चक दोनदा गप्प राहतो. तिसऱ्यांदाही गप्प राहिला तर डोक्याची सात शकलं करायला वज्र उगारलेला यक्ष आकाशात उभा असतो. दीघनिकायातल्या अंबट्ठालाही याच प्रसंगातून जावं लागतं.

या धमकीत एक चांगली गोष्ट आहे, हे मला मान्य आहे. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं बोलू नये आणि बोललेल्या शब्दाला किंमत मोजावी लागते, याची जाणीव ती देते. पण तीच धमकी विचारणाऱ्याचं तोंडही बंद करते. म्हणून मला गार्गीचं मोठेपण तिच्या पहिल्या प्रश्नमालिकेपेक्षा परत येण्यात दिसतं. गप्प केली गेल्यानंतर ती पुन्हा उभी राहते, सभेची परवानगी घेते आणि आणखी दोन प्रश्न विचारते. उत्तरं पटल्यावर, याला कुणी जिंकणार नाही, नमस्कार करून सुटका करून घ्या, असं ती ब्राह्मणांना सांगते. शाकल्य तिचं ऐकत नाही.

या धमकीचा सगळ्यात समृद्ध धागा मला सापडला तो सुत्तनिपाताच्या शेवटच्या वर्गात, पारायणवग्गात. आणि त्याचं दुसरं टोक निघालं आपल्या गोदावरीवर.

पारायणवग्गाच्या प्रास्ताविक गाथांमध्ये बावरी नावाचा ब्राह्मण आहे. वेदांत पारंगत असलेला हा माणूस कोसलातून दक्षिणापथात उतरतो आणि अस्सकांच्या मुलखात, अळकाजवळ, गोदावरीच्या काठी राहतो. वेचलेलं धान्य आणि फळं यांवर गुजराण करतो. जवळच्या मोठ्या गावाच्या उत्पन्नातून तो महायज्ञ करतो, होतं नव्हतं ते देऊन टाकतो आणि आश्रमात परततो. तेवढ्यात आणखी एक ब्राह्मण दारात येतो. पाय सुजलेले, दात मळलेले, डोक्यावर धूळ. त्याला पाचशे नाणी हवी असतात. बावरी त्याला आसन देतो, विचारपूस करतो आणि क्षमा मागून सांगतो, की होतं ते सगळं दिलं, आता काहीच उरलेलं नाही. त्यावर तो मंत्रतंत्राचं सोंग करून शाप देतो: सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकलं होतील.

बावरी हादरतो. त्याचं अन्न तुटतं, ध्यानात मन रमेनासं होतं. आयुष्यभर वेद शिकवलेला, सर्वस्व दान करून नुकताच मोकळा झालेला हा वृद्ध एका भोंदूच्या शब्दानं कोसळतो. त्याच्या भल्यासाठी एक देवता येते आणि सांगते, की तो माणूस पैशाचा लोभी आहे, मस्तक म्हणजे काय आणि ते फुटणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नाही. बावरी विचारतो, मग तुला ठाऊक आहे का? देवता उत्तरते, मलाही नाही. शापाच्या साध्या कथेत ही कबुली कुणी घातली नसती. देवतेनं शाप परतवला असता आणि कथा तिथेच संपली असती. इथे देवताच हात टेकते आणि शाक्यपुत्राचा पत्ता देते.

बावरी आपल्या सोळा प्रमुख शिष्यांना उत्तरेकडे पाठवतो. त्याची परीक्षाही कडक आहे: माझं वय, गोत्र, लक्षणं आणि मस्तकाचा प्रश्न मनातच विचारा, तो बुद्ध असेल तर तोंडानं उत्तर देईल. जटा आणि मृगाजिनं धारण केलेले सोळा जण निघतात. त्यांच्या वाटेची गावं गाथेत क्रमानं आली आहेत: पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी, गोनद्ध, वेदिसा, पुढे कोसंबी, साकेत, सावत्थी, कपिलवत्थु, कुसिनारा, वेसाली आणि शेवटी मगधातलं पाषाणक चैत्य. पतिट्ठान म्हणजे आपलं पैठण आणि वेदिसा म्हणजे विदिशा. दक्षिणापथातून उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाचं इतकं जुनं आणि सलग वर्णन क्वचितच सापडतं.

आश्रम नेमका कुठे होता, यावर मतं वेगवेगळी आहेत. मराठी लेखनात बावरीला सरसकट पैठणचा म्हणण्याची सवय आहे. तेलंगणात गोदावरीतल्या बादनकुर्ती बेटाकडे बोट दाखवलं जातं. आश्रम नदीच्या दोन प्रवाहांमधल्या कवठाच्या वनात होता, असं अट्ठकथा सांगते आणि बेटाच्या बाजूनं हाच मोठा आधार आहे. मला मूळ गाथेतला वाटेचा क्रम अधिक बोलका वाटतो. शिष्य निघाल्यावर पैठण हा त्यांचा पहिला टप्पा आहे. आश्रम पैठणातच असता तर ते गाव टप्प्यांत मोजायचं कारण नव्हतं. म्हणून तो पैठणच्या खालच्या अंगाला कुठेतरी असावा, असं माझं मत आहे. पैठणचा मान यानं कमी होत नाही. उत्तरेला जाणाऱ्यांना पैठणवरूनच जावं लागे, एवढं या गाथेनं पक्कं होतं.

शिष्य पोचतात. अजित मनात प्रश्न धरतो. बुद्ध बावरीचं वय एकशेवीस वर्षं सांगतो, गोत्र सांगतो, लक्षणं सांगतो आणि मग मस्तकाच्या प्रश्नावर येतो. अविद्या हेच मस्तक, आणि श्रद्धा, स्मृती, समाधी, इच्छा व वीर्य यांची जोड असलेली विद्या ते फोडणारी. जनकाच्या सभेपासून चालत आलेली धमकी इथे उलटी होते. मस्तक फुटणं ही हरलेल्याची शिक्षा होती, ती आता शिकणाऱ्याची मिळकत झाली.

या प्रास्ताविक गाथा नंतर जोडलेल्या आहेत, असं अभ्यासक मानतात आणि त्याला भक्कम आधार आहे. चूळनिद्देस ही प्राचीन टीका सोळा प्रश्नांवर ओळीनं भाष्य करते, पण या गाथांना हात लावत नाही. प्रश्न मात्र फार जुने आहेत. संयुत्त आणि अंगुत्तर निकायांत ‘पारायणात’ असं नाव घेऊन त्यांतली वचनं उद्धृत केली आहेत. तेवढ्यावरून या गाथा बाजूला सारणं मला पटत नाही. सोळांतला पहिला जुना प्रश्न अजिताचा आहे: जग कशानं झाकलं आहे? उत्तर आहे, अविद्येनं. ज्यानं प्रास्ताविक रचलं त्यानं तीच अविद्या उचलली आणि मस्तकाच्या जागी ठेवली. त्याला प्रश्नही कळले होते आणि ब्राह्मणी वादसभेतली भीतीही.

आता बावरीचं चरित्र डोळ्यांसमोर ठेवून पुढचे प्रश्न वाचावेत. पुण्णक विचारतो, ऋषी, क्षत्रिय, ब्राह्मण यज्ञ करत आले, ते जन्म आणि जरा यांच्या पार गेले का? नाही, असं उत्तर मिळतं; त्यांनी आशेपोटी यज्ञ केले. हे त्याच्या गुरूच्या नुकत्याच झालेल्या महायज्ञाबद्दल आहे! बावरी दक्षिणेत आला तो ‘आकिंचन्या’च्या, काहीही नसण्याच्या अवस्थेच्या ओढीनं, असं गाथा सांगते. उपसीव विचारतो, कशाच्या आधारानं हा ओघ तरून जाऊ? बुद्ध त्याला तेच आकिंचन्य देतो, फक्त ते जागं राहून पाहायला सांगतो. समोरच्याची साधना मोडीत न काढता तिच्यातूनच त्याला पुढे नेणं, ही संवादाची फार वरची पायरी आहे. धोतक शंकांतून सोडवण्याची याचना करतो, तेव्हा मी कुणाही शंकाग्रस्ताला सोडवू शकत नाही, धर्म जाणून तूच तरशील, असं स्पष्ट उत्तर त्याला मिळतं. मोघराजाला दोनदा उत्तर मिळत नाही. तो तिसऱ्यांदा विचारतो आणि जगाकडे शून्य म्हणून पाहा, हे ऐकतो. सच्चकासाठी तिसरी खेप वज्राची होती. मोघराजासाठी ती उत्तराची आहे.

सगळ्यात शेवटी पिंगिय. तो म्हातारा आहे, अशक्त आहे, डोळ्यांना नीट दिसत नाही, कानांना नीट ऐकू येत नाही. मधल्यामध्ये मोहातच मरू नये, एवढंच त्याला हवं आहे. अखेर हाच पिंगिय बावरीकडे परततो आणि पाहिलेलं सांगतो. बावरी विचारतो, अशा गुरूपासून क्षणभर तरी दूर का राहतोस? पिंगिय सांगतो, शरीर थकलं म्हणून तिकडे जात नाही, मनानं तिथून दूर नाही.

संवादानं प्रतिपक्ष हरतो की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. शाकल्याची कथा अशा हरण्याजिंकण्यानं संपते आणि तिच्यातून पुढे काही उगवत नाही. बावरीची कथा सोळा माणसांना शेकडो कोस चालवते. एकशेवीस वर्षांचा आचार्य स्वतःला ठाऊक नाही हे शिष्यांसमोर कबूल करतो आणि त्यांना दुसऱ्या आचार्याकडे पाठवतो. आपल्या गुरुपरंपरांमध्ये निष्ठेचे गोडवे पुष्कळ गायले गेले. शिष्याला प्रश्नासह दुसऱ्याच्या दारी धाडणाऱ्या गुरूचे तितके गायले गेले नाहीत. माझ्या लेखी बावरीचं ते धाडणं त्याच्या महायज्ञापेक्षा मोठं दान आहे.

पु. वि. बापट यांनी 1924 साली पुण्यातून सुत्तनिपात देवनागरीत संपादित केला आणि गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी तो मराठीत आणला. तरीही गार्गी आपल्या घराघरांत पोचली आणि गोदावरीच्या काठचा हा वृद्ध अभ्यासकांपुरता राहिला. ज्याला वाचायचं असेल त्यानं पहिल्यांदा पुण्णकाचा प्रश्न वाचावा, मग उपसीवाचा, आणि त्यानंतरच प्रास्ताविकाकडे यावं. त्या क्रमानं वाचलं की, गुरूच्या साऱ्या आयुष्याबद्दलच शिष्य प्रश्न विचारत आहेत आणि गुरूनंच त्यांना त्यासाठी पाठवलं आहे, हे आपोआप कळतं.