तासाभराची गोळी, आठवडाभराचं काम

अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या औषधांच्या डब्यात ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन बहुतेक वेळा असतेच. दिवसातून एकदा, जेवणानंतर. पण रक्तात उतरलेली ॲस्पिरिन दर पंधरा-वीस मिनिटांनी निम्मी होत जाते. तासा-दोन तासांत तिचा मागमूस उरत नाही. मग उरलेला दिवस काम कोण करतं?

त्यासाठी प्लेटलेटच्या आत डोकवावं लागतं. भाजी चिरताना बोट कापलं की प्लेटलेट जखमेशी चिकटतात आणि थ्रॉम्बोक्सेन नावाचं रसायन सोडून आणखी प्लेटलेट बोलावून घेतात. बोटावर हे हवंच. पण हृदयाच्या रोहिणीत साचलेला चरबीचा थर तडकला, तर प्लेटलेटना तीही जखमच वाटते. तिथे गुठळी होते, वाट बंद होते आणि हार्ट ॲटॅक येतो.

थ्रॉम्बोक्सेन तयार व्हायचं तर ॲराकिडॉनिक आम्ल नावाच्या कच्च्या मालाला कॉक्स-१ या एन्झाइमच्या आत शिरावं लागतं. आत जायची वाट अरुंद. त्या वाटेच्या भिंतीत, साखळीतल्या ५३० व्या जागी, सेरीन हे अमिनो आम्ल असतं. ॲस्पिरिन तिथवर जाते, स्वतःचा ॲसिटिल हा छोटा तुकडा सेरीनला कायमचा जोडते आणि बाकीची निघून जाते. वाट बुजली. एन्झाइम जागच्या जागी आहे, पण कच्चा माल आत येत नाही. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होती. ती प्रोस्टाग्लँडिन गटातल्या रसायनांची निर्मिती रोखते हे लंडनमध्ये जॉन वेन यांनी दाखवलं ते १९७१ मध्ये. म्हणजे सत्तरेक वर्षं जगाने ती कारण न कळताच खाल्ली!

खरी मेख पुढे आहे. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे निकामी झालेलं एन्झाइम तिला जवळजवळ नव्याने बनवताच येत नाही. सात ते दहा दिवसांचं तिचं आयुष्य तसंच जातं. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींचं तसं नाही. त्यांच्याकडे केंद्रक आहे, त्या काही तासांत नवं एन्झाइम तयार करतात, आणि प्लेटलेटना एकत्र येऊ न देणारं प्रोस्टासायक्लिन बनवत राहतात. डोस लहान ठेवण्याचं हे एक कारण. दुसरं पोटाचं: जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिनही कॉक्स-१ मधूनच येतात. डोस वाढवला तर हृदयाला फारसा जास्त फायदा नाही, अल्सर आणि रक्तस्राव मात्र वाढतात.

आयबुप्रोफेनही याच वाटेत शिरतं, पण कायमचं जोडलं जात नाही. काही तासांनी सुटतं. हे सौम्य वाटेल, पण ते ॲस्पिरिनच्या आधी घेतलं तर घोटाळा होतो. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा, तशी जागा त्याने अडवलेली असते. अल्पायुषी ॲस्पिरिन येते, जागा नाही म्हणून तशीच निघून जाते, आणि मग रुमालही उचलला जातो. म्हणून गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन घेणाऱ्यांनी दोन गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी.

शरीर रोज दहाएक टक्के नव्या प्लेटलेट रक्तात सोडतं. रोजची गोळी असते ती या नव्या भरतीसाठी. काही शस्त्रक्रियांच्या आधी ॲस्पिरिन आठवडाभर बंद ठेवायला सांगतात तेही याच हिशेबाने; मात्र स्टेंट असेल तर हा निर्णय आपल्या मनाने घेणं धोक्याचं. डेंग्यूत प्लेटलेट आधीच घटतात. उरलेल्यांनाही निकामी करायचं नसतं, म्हणून तापावर पॅरासिटामॉल देतात, ॲस्पिरिन नाही.

आणि एवढं करूनही ॲस्पिरिन एकच हाक बंद करते. प्लेटलेट एकमेकींना एडीपी या रसायनानेही बोलावतात, आणि ती हाक ऐकणारं प्रथिन वेगळं: पी२वाय१२. क्लोपिडोग्रेल त्याला कायमचं अडवतं. स्टेंटनंतरचे काही महिने प्रिस्क्रिप्शनवर दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी दिसतात त्या यासाठी.