‘रिप्युडिएट’ म्हणजे नुसतं नाकारणं नव्हे

आमच्या नार्व्यातल्या एका काकांना विमा कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. त्यात दावा ‘रिप्युडिएट’ केल्याचं लिहिलं होतं. काकांना वाटलं, काम चालू आहे. चार महिने ते पैशांची वाट बघत बसले. खरा अर्थ होता : दावा फेटाळला, आम्ही तुमचं काही देणं लागत नाही.

मग ‘रिजेक्ट’ आणि ‘रिप्युडिएट’ यांत फरक काय? पुढं आलेली वस्तू घेतली नाही, तर ते ‘रिजेक्ट’. जे आपल्या गळ्यात आहे असं लोक धरून चालतात, ते ‘माझं नव्हेच’ म्हणून झटकणं, हे ‘रिप्युडिएट’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच काडीमोड! म्हणून आरोप, कर्ज, करार, नातं या सगळ्यांना तो लागतो. मराठीत मात्र जागा बघून शब्द निवडावा लागतो : आरोप फेटाळणे, करार धुडकावणे, माणसाला अव्हेरणे, जबाबदारीतून हात झटकणे.

हा शब्द दुबळ्याच्या हातीही येतो. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. १८८४ साली नवऱ्यानं मुंबईच्या न्यायालयात दावा लावला. नांदायला जा, नाहीतर तुरुंगात, असा निकाल १८८७ मध्ये झाला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढं त्या डॉक्टर झाल्या. हिंदू विवाह कायद्यात (तो गोव्यात लागू नाही) १९७६ साली तरतूद आली : पंधराच्या आत लग्न झालेल्या मुलीनं अठरा पुरी होण्याआधी ते ‘रिप्युडिएट’ केलं, तर तिला घटस्फोट मागता येतो.

आता आमच्या गावाचं बघा. दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीज राजवटीत मोडलं. लोकांनी लिंग नदीपलीकडं डिचोलीच्या बाजूला आणलं, आणि जुन्या जागेचं नार्वे हे नावही इथं आलं. १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार करवला. सत्तेनं देवाला अव्हेरलं, माणसांनी नाही. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण, असं आजही दोन्ही धर्मांचे लोक मानतात. धर्म बदलला तरी नातं ‘रिप्युडिएट’ झालं नाही.

आणि काका? असं पत्र आलं तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार करायची. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडं जाता येतं. काकांचा अर्ज आम्ही मराठीतच लिहिला.