ध्रुवावरची थंडी आणि बाईची सुई

थंडी पडली की आपल्या घराघरांतून गोधड्या बाहेर निघतात. आज आम्ही तुम्हाला पृथ्वीच्या दोन टोकांची, म्हणजे ध्रुवांकडची गोष्ट सांगणार आहोत. तिथली थंडी शून्याखाली ५०-६० अंशांपर्यंत उतरते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे पोहोचलेल्या पुरुषांची नावं पुस्तकांत आहेत. पण अशा थंडीत तगायचे कपडे शिवत कोण होतं? ते फारसं कुणी सांगत नाही.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. ऊब कपड्याची नसते, आपल्याच अंगाची असते. कपडा ती फक्त धरून ठेवतो, आणि तेही आत अडकलेल्या हवेच्या जोरावर. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर असतात, थरांमध्ये हवा साचते, म्हणून ती उबदार. पण गोधडी भिजली की हवेच्या जागी पाणी येतं आणि ऊब जाते.

हे उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. कॅरिबू नावाच्या हरणाचा केस आतून पोकळ असतो, त्यात हवा राहते. त्याच्या कातड्याचे त्या दोन अंगरखे शिवत. आतल्याचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे केस बाहेर. दोरा जनावराच्या स्नायूच्या तंतूचा. तो भिजला की फुगतो आणि सुईची भोकं बुजवतो. बुटांची शिवण अशी, की पाणी आत शिरू नये. आईच्या अंगरख्याला पाठीवर बाळासाठी झोळीही असे. शिकार पुरुषांनी आणायची, पण बाईची शिवण पक्की नसेल तर शिकारीला जाणारच कसं?

नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन १९०३ मध्ये सहा साथीदारांसह लहान जहाजातून कॅनडाच्या उत्तरेला गेला. तिथे दोन हिवाळे राहून तो नेटसिलिक इनुइट लोकांकडून शिकला. कपडे सैल घालायचे, आत हवा खेळती ठेवायची, घाम साचू द्यायचा नाही. पुढे १४ डिसेंबर १९११ रोजी तो दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोहोचला, तेव्हा याच पद्धतीचे कातडी कपडे त्याच्या सामानात होते.

त्याच वर्षी इंग्रज कप्तान स्कॉटच्या तुकडीतले तिघे पेंग्विनची अंडी आणायला ऐन हिवाळ्यात निघाले. गाडे स्वतः ओढताना घाम यायचा आणि तो कपड्यांतच गोठायचा. श्वासाची वाफ झोपायच्या पिशवीत गोठायची. पाच आठवड्यांत एकाची आठ किलोची पिशवी बर्फाने वीस किलोची झाली. तिघे परतले, पण मरता मरता वाचले.

आता एडा ब्लॅकजॅकची गोष्ट. ही अलास्कातली इनुपियाक बाई, तेवीस वर्षांची. नवरा सोबत नाही, मुलाला क्षय, उपचाराला पैसे नाहीत. १९२१ मध्ये चार पुरुष सैबेरियाजवळच्या रँगल बेटावर निघाले होते. त्यांनी तिला शिवणकामासाठी महिना ५० डॉलरवर नेलं. अन्न संपत आलं तेव्हा तिघे मदत आणायला बर्फावरून निघाले, ते परतलेच नाहीत. चौथा आजारी पडला. एडाने महिनोन्‌महिने त्याची सेवा केली. सापळे लावायला, बंदूक चालवायला ती तिथेच शिकली. तोही गेल्यावर ती दोन महिने एकटी तगली. ऑगस्ट १९२३ मध्ये जहाज आलं, तेव्हा पाचांपैकी ती एकटीच जिवंत होती. मिळालेल्या पैशांतून तिने मुलावर उपचार केले.

आपल्याकडच्या बायकाही त्या बर्फात गेल्या आहेत. १९८३-८४ मध्ये नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत आणि त्यांच्यासोबत सुदीप्ता सेनगुप्ता, या दोघी शास्त्रज्ञ अंटार्क्टिकावर पोहोचल्या. तिथे जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ.

आपल्यातल्या कितीतरी जणी केदारनाथ-बद्रीनाथला जातात. तिथेही नियम तेच, ते लक्षात ठेवा:

अंगाला लागून सुती कपडा नको, तो घाम धरून ठेवतो. पातळ लोकरीचा किंवा थर्मल घाला. त्यावर स्वेटर, आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. साडी नेसणार असाल तर आत थर्मल पायजमा हवाच.

चढताना घाम फुटायच्या आधीच एक थर उतरवा. थांबलात की लगेच घाला.

कान-डोकं झाका. बूट घट्ट नकोत. जास्तीचे कोरडे मोजे पिशवीत ठेवा आणि झोपताना बदला.

कुणी सारखी कुडकुडायला लागली, बोलताना अडखळली, तोल जाऊ लागला, तर तिला वाऱ्यातून आडोशाला न्या, ओले कपडे बदला, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या आणि लगेच डॉक्टरांना गाठा. दारू अजिबात नको. बधिर झालेली बोटं चोळू नका.

मैत्रिणींनो, शिवण येते म्हटलं की आपण पटकन म्हणतो, “त्यात काय एवढं!” पुढच्या बैठकीत हा शब्द बाजूला ठेवू. गटात कुणाला गोधडी येते, कुणाला विणकाम, कुणाला शिवण, याची यादी करा. आणि त्या कामाची मजुरी काय असावी, हेही तिथेच बसून ठरवा.