यंत्राच्या रोजनिशींतील पायऱ्या

श्रोतेहो, आजचा विषय प्रथमदर्शनीं परका वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घरांत दहावीचा निकाल मोबाइलवर पाहिला जातो, विजेचें बिल घरबसल्या भरलें जातें आणि सातबाऱ्याचा उतारा चावडीवर न जातां हातीं येतो, त्या घराला तो परका नाहीं. या साऱ्या कामांमागें कोठें तरी एक संगणक अहोरात्र जागा असतो. आपण विचारावें आणि त्यानें उत्तर द्यावें, ही त्याची सेवा. म्हणून त्याला सर्व्हर म्हणतात. काम करीत असतांनाच हा सर्व्हर स्वतःची एक रोजनिशीहि लिहीत असतो. तिला लॉग असें नांव आहे. पूर्वी गलबताचा वेग मोजण्यासाठीं दोरीला बांधलेला लांकडी ओंडका समुद्रांत टाकीत, आणि तो वेग ज्या वहींत टिपीत तिला लॉगबुक म्हणत. तेंच नांव पुढें संगणकाच्या वहीला मिळालें.

ही वही महत्त्वाची कां? सर्व्हरसमोर रात्रंदिवस कोणी बसलेलें नसतें. पहांटे तीन वाजतां तो बंद पडला, तर काय घडलें याची साक्ष तीच देते. पण गर्दीच्या दिवशीं तिच्यांत लक्षावधि ओळी जमतात, आणि साऱ्या एकाच आवाजांत बोलतात. ‘अमक्याला उत्तर दिलें’ ही ओळ आणि ‘साठवणीची जागा संपली’ ही ओळ शेजारीं शेजारीं बसतात. वर्गांत चाळीस मुलें एकदम ‘गुरुजी, गुरुजी’ म्हणून हांका मारूं लागलीं, म्हणजे खरोखर चक्कर आलेल्या मुलाची हांक गुरुजींच्या कानीं पडत नाहीं. तीच गत येथें होते.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक ओळीला तिच्या गांभीर्याची पायरी नेमून देणें. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत एरिक ऑलमन यांनीं सेंडमेल नांवाचा टपाल पोंचविणारा प्रोग्रॅम रचला. त्याच्या जोडीला त्यांनीं सिसलॉग ही नोंदपद्धति तयार केली. तिचें वर्णन २००१ सालीं लेखी स्वरूपांत प्रसिद्ध झालें व २००९ सालीं तिला प्रमाणित रूप आलें. तींत शून्यापासून सातापर्यंत आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे इमर्जन्सी, सारें यंत्रच निकामी झालें. एक म्हणजे अलर्ट, या क्षणीं धांव घ्या. दोन क्रिटिकल, म्हणजे गंभीर. तीन एरर, म्हणजे दोष. चार वॉर्निंग, म्हणजे इशारा. पांच नोटिस, म्हणजे नेहमींचेंच पण दखल घेण्याजोगें. सहा साधी माहिती. आणि सात डीबग, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच तपासणीसाठीं उपयोगी पडणारा बारीकसारीक तपशील.

यांतील अंकगणित मौजेचें आहे. नोंद कोणत्या विभागाकडून आली त्याचाहि एक क्रमांक असतो. त्याला आठांनीं गुणावयाचें आणि पायरीचा आंकडा मिळवावयाचा. टपाल-विभागाचा क्रमांक दोन आणि दोषाची पायरी तीन; दोन आठें सोळा आणि तीन मिळून एकोणीस. वाचणाऱ्यानें १९ ला आठांनीं भागावें. भागाकार विभाग सांगतो आणि बाकी गांभीर्य सांगते. दुसऱ्या पद्धतींत हेच आंकडे उलट चढतात. पायथन या संगणकभाषेंत डीबगला १०, माहितीला २०, इशाऱ्याला ३०, दोषाला ४० व गंभीर नोंदीला ५० असे अंक आहेत. अधेंमधें एखादी नवी पायरी बसविण्यास जागा रहावी, ही दहांच्या अंतराची सोय.

आतां समजा, निकाल दाखविणारा एक जुना प्रोग्रॅम आहे आणि त्यांत पायऱ्या घालावयाच्या आहेत. कारागीर प्रत्येक ओळीपाशीं थांबून एकच प्रश्न विचारतो : ही ओळ वाचून कोणी काय करावयाचें आहे? ‘निकाल दाखविला’ या ओळीवर कोणीं कांहींच करावयाचें नाहीं, ती माहिती. साठवणीची जागा नव्वद टक्के भरली, तर आज नाहीं तरी उद्यां कोणीं तरी लक्ष घातलें पाहिजे, तो इशारा. गुणांच्या कोठारापर्यंत पोंचतां न आल्यामुळें एका मुलाला उत्तर मिळालें नाहीं, तर तो दोष. सारें कोठारच बंद पडलें, तर झोपलेल्या माणसाला उठविलें पाहिजे. पण एखाद्या मुलानें आसन-क्रमांक चुकीचा घातला, तर? येथें नवखा कारागीर ‘दोष’ असें लिहून मोकळा होतो. वस्तुतः चूक मुलाची आहे, यंत्राची नव्हे. यंत्रानें आपलें काम यथास्थित केलें. ती ओळ माहितींतच गेली पाहिजे.

या व्यवस्थेंत दोन अधिकार वेगळे ठेवलेले आहेत. ओळीची पायरी ठरवितो प्रोग्रॅम लिहिणारा, कारण प्रसंगाचा अर्थ त्याला ठाऊक असतो. कोणत्या पायरीपर्यंतच्या ओळी ठेवावयाच्या, हें ठरवितो सर्व्हर सांभाळणारा, कारण जबाबदारी त्याची असते. तो एरवीं इशाऱ्यापर्यंतच उंबरठा ठेवतो. बिघाडाचा शोध घ्यावयाचा झाला म्हणजे तपशिलाचें दार उघडतो आणि काम होतांच लावून घेतो. तें उघडें राहिलें तर साठवण भरते, यंत्र मंदावतें आणि लोकांची खासगी माहिती विनाकारण वहींत उतरण्याचा धोका वाढतो. उलट उंबरठा फारच उंच ठेवला, तर बिघाडाच्या वेळीं वही कोरी सांपडते.

या साऱ्या रचनेला पोखरणारा रोग एकच : आपली ओळ वाचली जावी म्हणून तिला वरच्या पायरीवर चढविणें. प्रत्येक विभागानें तसें केलें कीं रोज शंभर ‘गंभीर’ नोंदी येतात, सांभाळणारा त्या न वाचतां पुसूं लागतो, आणि एके दिवशीं खरी नोंदहि त्यांतच पुसली जाते.

हा प्रश्न केवळ यंत्राच्या वहीपुरता नाहीं. आपल्या धाराशिव जिल्ह्याला हवामान खात्याचे इशारे रंगांच्या पायऱ्यांनीं मिळतात : हिरवा म्हणजे इशारा नाहीं, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज रहा, तांबडा म्हणजे हालचाल करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढें पडला तर मुसळधार, ११५.६ पासून पुढें अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर गेला तर अत्यंत मुसळधार, अशी पावसाची प्रतवारी आहे. परंतु रंग नुसत्या मिलिमीटरांवर ठरत नाहीं, परिणामावर ठरतो. कोंकणांत जो पाऊस अंगवळणीं पडलेला, तोच आमच्या अवर्षणप्रवण भागांत हाहाकार उडवितो. सप्टेंबर २०२५ मध्यें भूम-परंडा भागांत अतिवृष्टि झाली, नद्यांना पूर आले आणि पुरानें वेढलेल्या माणसांना हेलिकॉप्टरनें सोडवावें लागलें. नोंदीची पायरीहि अशीच परिणामावरून ठरवावयाची असते, आवाजावरून नव्हे.

सार्वजनिक इशाऱ्यांसाठीं जगभर मान्य झालेली जी कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल नांवाची पद्धति आहे, तिनें आणखी एक बारकावा साधला आहे. तींत एका आंकड्याऐवजीं तीन वेगळे प्रश्न विचारले जातात : संकट किती भयंकर? वेळ किती उरला आहे? आणि खात्री किती? भयंकर पण दूरचें संकट आणि साधें पण दारांत आलेलें संकट हीं एकाच मापानें मोजतां येत नाहींत. राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही व्यवस्था याच पद्धतीवर उभी आहे. २०२३ सालीं देशभर मोबाइल एकाएकी खणखणले, ते असे इशारे थेट मोबाइलवर पोंचतात कीं नाहीं याची चांचणी चालू होती म्हणून. त्या आवाजानें त्रासून कित्येकांनीं मोबाइलमधील ती सोयच बंद करून टाकली. श्रोतेहो, आपणहि तसें केलें असेल, तर ती सोय आजच पुन्हा चालू करावी, आणि घरांतील वडीलधाऱ्यांच्या मोबाइलमध्येंहि ती चालू आहे कीं नाहीं तें पहावें.