नागपुरात समुद्र नाही, मग इथे समुद्री शेवाळाचा अभ्यास कसा काय होतो?

नागपूर म्हटलं की संत्री, झिरो माइल आणि मे महिन्यातलं ऊन. समुद्र कुठल्याही दिशेला गेलात तरी शेकडो किलोमीटर दूर. तरीही भारतातल्या एका समुद्री शेवाळाच्या जुन्या अवशेषांवर सगळ्यात चिकाटीने काम झालेल्या ठिकाणांमध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाचं नाव घ्यावं लागतं. या शेवाळाचं नाव कोरलाइन शैवाल.

शेवाळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पावसाळ्यातली हिरवी, घसरडी पायरी येते. हे प्रकरण वेगळं आहे. हे लाल शैवालांपैकी आहे आणि त्याच्या पेशींच्या भिंतींमध्ये चुना साठतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यामुळे हात लावला तर ते दगडासारखं कडक लागतं. जिवंत असताना गुलाबी किंवा जांभळट, मेल्यावर पांढरं. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी डबक्यांत डोकावलात, तर खडकावर सांडलेल्या गुलाबी रंगासारखा थर दिसतो. तो बहुतेक वेळा रंग नसतो, हे शैवालच असतं.

प्राणी, दगड की वनस्पती?

यावर मोठमोठी माणसं चुकली आहेत. इंग्लंडच्या जॉन एलिस यांनी १७५५ साली पुस्तक लिहून हे प्राणी असल्याचं मांडलं. सजीवांना नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनेही १७५८ मध्ये त्यांना प्राण्यांच्याच यादीत टाकलं. खडकावर थरासारखे पसरणारे प्रकार वनस्पतीच आहेत, हे १८३७ मध्ये फिलिपी या जर्मन अभ्यासकाने मांडलं.

पण खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू झाली. यांची विभागणी करायची कशी?

सोपं उत्तर होतं: दिसण्यावरून. काही कोरलाइन शैवालांना सांधे असतात. चुन्याचे छोटे छोटे मणी आणि दोन मण्यांमध्ये चुना नसलेला लवचीक सांधा, अशी त्यांची झुडपं लाटेबरोबर डुलतात. बाकीच्यांना सांधे नसतात, ती खडकाला चिकटून थर किंवा गाठी तयार करतात. सांधेवाले एका बाजूला, बिनसांध्याचे दुसऱ्या बाजूला. बरीच वर्षं हीच पद्धत चालली.

मग पेशींची रचना बारकाईने पाहिली गेली, नंतर डीएनए तपासला गेला आणि हा कप्पा कोसळला. अँफिरोआ हे सांधेवालं शैवाल घ्या. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही ते सापडतं. दिसायला ते कोरॅलिनाचं सख्खं भावंड वाटतं, इतकं की त्याच्या एका जातीला लिनियसने कोरॅलिनाच म्हटलं होतं. प्रत्यक्षात त्याचं जवळचं नातं लिथोफिलम या खडकावर पसरणाऱ्या, बिनसांध्याच्या शैवालाशी आहे. म्हणजे सांधे एकदाच तयार झाले नाहीत, वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे आले. वटवाघळाला पंख आहेत म्हणून कुणी त्याला पक्षी म्हणत नाही, तसंच.

बिनसांध्याच्या प्रकारांची गंमत तर आणखी वेगळी. १९९३ मध्ये वोल्करलिंग, अर्व्हाइन आणि हार्वी यांनी त्यांचे १० आकार ठरवले: पापुद्र्यासारखे, चामखिळीसारखे, गाठाळ, झुडपासारखे वगैरे. पण त्यांनीच हेही दाखवलं की हे आकार एकमेकांत मिसळत जातात. त्यातच एकाच जातीचं शैवाल लाटा, प्रकाश आणि जागा बदलली की वेगळं रूप घेऊ शकतं. फक्त बाह्य रूपावर नाव ठेवलं, तर एकाच जातीला चार नावं पडायची. आणि तशी ती पडलीही.

मग ओळखायचं कसं?

आत बघून. बीजाणू ज्या पोकळीत तयार होतात तिच्या छताला एकच छिद्र आहे की चाळणीसारखी अनेक, शेजारच्या पेशी एकमेकींशी कशा जोडल्या आहेत, अशा खुणा बाहेरच्या आकारापेक्षा जास्त विश्वासू ठरल्या. अनेक छिद्रंवाल्यांसाठी तर २०१५ मध्ये हॅपॅलिडिएलिस नावाचा वेगळा गणच केला गेला.

आता नागपूरकडे या. इथल्या अभ्यासकांसमोर शैवाल नव्हतं, दगड होते. पी. कुंडल आणि एस. के. हुमणे यांनी २००२ मध्ये कच्छच्या खडकांतल्या सांधेवाल्या कोरलाइन शैवालांवर शोधनिबंध लिहिला. हे खडक साधारण ४.८ कोटी ते १.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातले. पुढे पोरबंदर परिसरावरही काम झालं.

यात अडचण अशी की शैवाल मेलं की सांधा कुजतो. उरतात सुटे मणी. माळ तुटून मणी घरभर पांगावेत आणि त्यातल्या एका मण्यावरून माळ कुठली ते सांगावं, तसं हे काम. डीएनए इतक्या जुन्या दगडात मिळत नाही. म्हणून दगडाचा साधारण ०.०३ मिलिमीटर जाडीचा, प्रकाश आरपार जाईल असा काप करतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. मण्याच्या गाभ्यात पेशींच्या आडव्या रांगा दिसतात. लांब आणि आखूड पेशींच्या रांगा आलटून पालटून आल्या, तर बोट अँफिरोआकडे जातं. सगळ्या रांगा जवळपास सारख्या असतील, तर कोरॅलिना किंवा जानियाचा विचार होतो. अशा ओळखखुणा आणि कोणता प्रकार कोणत्या काळातल्या खडकात सापडतो याची अद्ययावत मांडणी कुंडल यांनी २०११ मध्ये जर्नल ऑफ द जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियामध्ये केली.

एवढा खटाटोप कशासाठी?

काही प्रकार उथळ, उजेडाच्या पाण्यात वाढतात, काही खोल आणि अंधुक जागी. म्हणजे दगडातल्या तुकड्याचं नाव बरोबर लागलं, तर तिथे एकेकाळी समुद्र किती खोल होता याचा अंदाज येतो. नाव चुकलं, तर अंदाजही चुकतो. उथळ समुद्रात साचलेले चुनखडक कुठे आहेत हा प्रश्न फक्त पुस्तकी नाही, मुंबई हायचं बरंचसं तेल अशाच चुनखडकांतून येतं.

जिवंत शैवालांसाठीही नाव महत्त्वाचं आहे. त्यांच्या चुन्यात मॅग्नेशियम जास्त असतं आणि असा चुना आम्लता वाढलेल्या पाण्यात लवकर विरघळतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून समुद्राची आम्लता वाढतेच आहे. कोणती जात कमी होतेय हे मोजायचं तर आधी ती जात कोणती हे पक्कं लागतं, आणि केवळ आकार पाहून केलेल्या जुन्या याद्यांमधली नावं आता एकेक करून तपासावी लागतायत.